रकाना एकच, उत्तर एकच: राष्ट्रवाद देश बांधतो कसा आणि फोडतो कसा

१९३१ साली पोलंडमध्ये जनगणना झाली. तेव्हाच्या पोलंडच्या पूर्व टोकाला पोलेसी नावाचा दलदलीचा आणि जंगलांचा भाग होता, आज तो बहुतेक बेलारूस आणि युक्रेनमध्ये आहे. तिथे गणनेवाले खेडोपाडी फिरून विचारत होते की तुमची मातृभाषा कोणती, आणि सात लाखांहून जास्त लोकांनी उत्तर दिलं, इथली. पोलिश का? नाही. बेलारूसी, युक्रेनी? तेही नाही, इथली. सरकारने मग तक्त्यात 'स्थानिक' म्हणून वेगळा आकडाच छापला, आणि ते सरकारला सोयीचंही होतं म्हणा, कारण त्यामुळे बेलारूसी लोकांची संख्या कमी दिसली.

आज आपल्याला हे उत्तर अडाणी वाटतं. पण माणसाच्या इतिहासात बहुतेक काळ बहुतेक लोकांनी हेच उत्तर दिलं असतं. तू कोण विचारलं तर माणूस गाव सांगायचा, घराणं सांगायचा, धंदा, धर्म, आणि फारच खोदून विचारलं तर सारा कुणाला भरतो ते. राजा आपल्या भाषेचा असावा असा कुणाचा हट्ट नव्हता. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याने तर कितीतरी मुलूख लढाईऐवजी लग्नात मिळवला, म्हणजे नवरीसोबत अख्खा प्रांत यायचा आणि त्या प्रांतातल्या शेतकऱ्याला काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. शेतकऱ्यालाही त्याचं फार काही नव्हतं, सारा वाढला का एवढंच तो बघायचा.

राष्ट्रवादाने हे चित्र बदललं. सोपं करून सांगायचं तर इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक राज्य, म्हणजे सीमा, कर, पोलीस, कोर्ट, पासपोर्ट. दुसरी राष्ट्र, म्हणजे एकमेकांना कधीही न भेटलेल्या लाखो लोकांना आपण सगळे एक आहोत असं वाटणं. आणि राष्ट्रवाद म्हणजे या दोन्ही गोष्टी एकमेकींवर बरोब्बर बसल्या पाहिजेत हा आग्रह. आता त्या बसत नसतील (आणि जवळपास कुठेच बसत नाहीत) तर दोनच रस्ते उरतात, एकतर सीमेच्या आतल्या लोकांना एकसारखं करा, नाहीतर लोकांप्रमाणे सीमा हलवा. पहिल्या रस्त्याने देश बांधले जातात, दुसऱ्याने फुटतात, असं पुस्तकी उत्तर आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बऱ्याचदा पहिला रस्ताच दुसरा रस्ता तयार करतो, म्हणजे देश एक करायला जे केलं जातं त्यातूनच फुटीची सुरुवात होते.

फ्रान्सपासून सुरू करू, कारण सगळ्यांनी कॉपी तिथूनच मारली. १७८९ ला क्रांती झाली, सत्ता राजाची नाही तर राष्ट्राची असं जाहीर झालं. सप्टेंबर १७९२ मध्ये वाल्मीच्या लढाईत फ्रेंच सैनिक 'राष्ट्राचा विजय असो' म्हणून ओरडत होते, राजाच्या नावाने नाही, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अख्ख्या देशालाच युद्धासाठी हाक दिली गेली, तरुणांनी लढायचं, बायकांनी तंबू आणि कपडे शिवायचे, म्हाताऱ्यांनी चौकात बसून हिंमत द्यायची. युरोपातले राजे भाडोत्री सैन्यं घेऊन लढत होते आणि समोर हा लोंढा. पण याच काळात, १७९४ मध्ये, ग्रेग्वार नावाच्या क्रांतिकारी धर्मगुरूने देशातल्या भाषांवर एक रिपोर्ट सादर केला. त्याचा अंदाज असा की अडीच कोटींहून जास्त लोकांच्या फ्रान्समध्ये साठ लाखांना फ्रेंच अजिबात येत नाही, तेवढ्याच लोकांना धड बोलता येत नाही, आणि नीट बोलणारे तीस लाखांच्या वर नसतील. ज्या राष्ट्राच्या नावाने क्रांती झाली त्या राष्ट्राची भाषा राष्ट्रालाच येत नव्हती. राष्ट्र आधी होतं आणि त्याने स्वतःसाठी राज्य उभारलं ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण निदान फ्रान्समध्ये तरी उलटं झालं. राज्य आधीपासून होतं, आणि त्याने पुढची शंभर वर्षं खपून राष्ट्र तयार केलं.

आणि ते केलं कसं, तर मुख्यतः शाळेतून. १८८१-८२ मध्ये झ्यूल फेरीच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण फुकट आणि सक्तीचं झालं, आणि ते फ्रेंचमध्येच. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी भागात मुलं घरी ब्रेटन बोलायची. तिथल्या अनेक शाळांमध्ये अशी पद्धत होती की वर्गात ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात मास्तर एक वस्तू अडकवायचे, लाकडाचा तुकडा किंवा जुना लाकडी बूट वगैरे. ती गळ्यातून काढायची तर दुसऱ्या कुणालातरी ब्रेटन बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायची, आणि दिवस संपताना जिच्या किंवा ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला शिक्षा. म्हणजे मास्तरांना काही करायचीही गरज नाही, पोरंच एकमेकांवर पाळत ठेवणार. वेल्समध्येही वेल्श बोलणाऱ्या मुलांसाठी अशीच पद्धत होती. ज्या फ्रान्सला आपण स्वातंत्र्य, समता, बंधुता म्हणून ओळखतो त्याच्या बंधुतेचा हा भाग शाळेच्या फळ्यावर लिहिलेला नसतो.

पण इथे एकतर्फी बोलून चालणार नाही. त्या ब्रेटन पोराला फ्रेंच आल्यावर पॅरिसमध्ये नोकरी मिळाली, कोर्टात काय चाललंय ते कळायला लागलं, पेपर वाचता आला. त्याच्या आजोबांना यातलं काहीच मिळालं नव्हतं. कारखाना चालवायचा तर नोटिशीवरचं वाचता येणारा कामगार लागतो, सक्तीची सैन्यभरती करायची तर हुकूम कळणारा शिपाई लागतो, रेल्वे, पोस्ट, टॅक्स ऑफिस सगळ्यालाच एक कॉमन भाषा लागते. आणि लोकशाहीलाही लागतो एक 'आपण', कारण निवडणूक हरल्यावर गप बसायचं तर जिंकलेलाही आपल्यातलाच आहे असं वाटावं लागतं. कुठल्यातरी लांबच्या गावातल्या आजारी माणसाच्या दवाखान्यासाठी माझ्या पगारातून टॅक्स जावा हे मला मान्य होतं ते याच भावनेपोटी. राष्ट्रवादाला नुसत्या शिव्या देणारे हे विसरतात. साम्राज्यांविरुद्ध लढलेल्या जवळजवळ प्रत्येक वसाहतीला हेच हत्यार वापरावं लागलं, दुसरं तेवढं धारदार हत्यार कुणाकडे नव्हतंच.

इटली आणि जर्मनी झटपट बघू, शाळेत सगळ्यांनी घोकलंय. इटली १८६१ ला एक झाली तेव्हा इटालियन बोलणारे लोक किती याचे अंदाज अडीच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत आहेत, बाकीचे आपापल्या बोलीत खूश. एकीकरणाचा मुख्य सूत्रधार काव्हूर स्वतः इटालियनपेक्षा फ्रेंचमध्ये जास्त रमायचा. जर्मनीत १८३४ चा कस्टम्स युनियन (जर्मन राज्यांमधली सामायिक जकात) आधी आला, मग बिस्मार्कची तीन युद्धं, आणि जानेवारी १८७१ मध्ये साम्राज्याची घोषणा झाली ती व्हर्सायच्या आरसेमहालात, हरवलेल्या फ्रान्सच्या छाताडावर बसून. सीमेवरचं आल्सेस-लोरेन जर्मनीने घेतलं, १९१८ ला ते फ्रान्सकडे, १९४० ला परत जर्मनीकडे, युद्धाच्या शेवटी परत फ्रान्सकडे. १८७० ला तिथे जन्मलेली आणि दीर्घायुषी बाई घरातून न हलता चार वेळा देश बदलून बसली.

आता खरी मजा, म्हणजे मजा कसली, ऑस्ट्रिया-हंगेरी. या साम्राज्यात डझनभर भाषा होत्या आणि निदान ऑस्ट्रियाच्या बाजूच्या सरकारची कुणालाही एका राष्ट्राचं करायची इच्छा नव्हती. पण १८८० पासून ऑस्ट्रियाच्या बाजूला जनगणनेत रोजच्या वापरातली भाषा विचारायला लागले, आणि फॉर्ममध्ये उत्तर एकच लिहायचं. दोन लिहायची सोयच नाही. बोहेमिया, मोरावियामध्ये (आजचा चेक देश) हजारो घरांत चेक आणि जर्मन दोन्ही बोलल्या जायच्या, दुकानात एक, घरी एक, बायकोशी तिसरीच खिचडी. त्यांना आता ठरवावं लागलं. ज्यूंची यिडिश तर यादीतच नव्हती, त्यांनी पोलिश किंवा जर्मन लिहायचं.

आणि हा आकडा नुसता कागदावर राहत नव्हता. कुठे कोणत्या भाषेची सरकारी शाळा निघणार, ऑफिसात कोणती भाषा चालणार, सगळं त्यावर. त्यामुळे जनगणनेचं वर्ष आलं की निवडणुकीसारखा प्रचार व्हायचा, मालक कामगारांवर आणि घरमालक भाडेकरूंवर दबाव टाकायचे. १८८० मध्येच जर्मन बाजूने एक शाळा-संस्था निघाली आणि चेक बाजूनेही एक निघाली, आणि दोघांची मुलं ओढायची चढाओढ लागली, आमच्या शाळेत या, जेवण फुकट, पुस्तकं फुकट, नाताळला कपडे. आईबाप काय करायचे? जिथे जेवण चांगलं तिथे पोरगं घालायचे, नाहीतर एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे, दोन्ही भाषा आल्या तर उद्या पोराला नोकरी लागेल असा साधा हिशोब. राष्ट्रवादी पुढाऱ्यांचा याने संताप व्हायचा, त्यांच्या दृष्टीने हे लोक गद्दार. शेवटी १९०५ मध्ये मोरावियात समझोता झाला, प्रत्येक मतदाराची नोंद चेक यादीत किंवा जर्मन यादीत, चेक मतदार चेक उमेदवार निवडणार आणि जर्मन मतदार जर्मन, आणि मुलाला त्या भाषेच्या शाळेत तेव्हाच घालता येणार जेव्हा ती भाषा त्याला येत असेल. भांडण मिटवायलाच केलं होतं हे सगळं, हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा की कुठल्याच यादीत नसणं अशक्य झालं. लोक आधीपासून दोन गटांत होते म्हणून यादी दोन झाली असं सगळे समजतात, प्रत्यक्षात कितीतरी लोक यादीमुळे गटात गेले.

मग पहिलं महायुद्ध झालं, साम्राज्य १९१८ ला कोसळलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन स्वयंनिर्णयाची भाषा बोलायला लागले, प्रत्येक राष्ट्राला स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क. त्यांचाच परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग याने तेव्हा खासगी टिपणात लिहून ठेवलं होतं की या शब्दांमध्ये डायनामाइट ठासून भरलंय. खरंच भरलेलं होतं. चेकोस्लोव्हाकिया निघाला, त्यात तीस लाखांच्या वर जर्मन. हंगेरीने १९२० च्या त्रियानॉन तहात दोन तृतीयांश जमीन गमावली आणि तीसेक लाख हंगेरियन लोक सीमेच्या बाहेर गेले. साम्राज्यात सगळेच अल्पसंख्य होते, त्यामुळे कुणालाच त्याचं विशेष वाटत नव्हतं. राष्ट्र-राज्यात मात्र एक घरमालक आणि बाकीचे भाडेकरू. त्या तीस लाख जर्मनांचं निमित्त करून १९३८ मध्ये हिटलरने त्यांचा भाग जर्मनीला जोडून घेतला, आणि १९४५ नंतर त्या जर्मनांना तिथून हाकलून दिलं गेलं.

लोकांना हलवून सीमेशी जुळवायचं, याचं सगळ्यात थंड डोक्याने केलेलं उदाहरण म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तान. जानेवारी १९२३ मध्ये लोझानला करार झाला. तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचं आणि ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात, सक्तीने, परतायचं नाही. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. साधारण बारा लाख इकडून आणि साडेतीन-चार लाख तिकडून, त्यातले बरेच ग्रीक १९२२ च्या युद्धातच पळून आले होते आणि करारात फक्त त्यांचं परतणं बंद झालं. आता बघा, ग्रीक कोण आणि तुर्क कोण हे ठरवलं कसं? धर्मावरून. भाषा कुणी विचारलीच नाही. अनातोलियाच्या आतल्या भागात कारामानली म्हणून ऑर्थोडॉक्स लोक होते, ते तुर्की बोलायचे, फक्त ती ग्रीक लिपीत लिहायचे. त्यांना 'मायदेशी' पाठवलं, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलायचे, त्यांना तुर्कस्तानात पाठवलं, तिथे त्यांना तुर्की येईना. एकीकडे लोक त्यांना तुर्काची अवलाद म्हणायचे, दुसरीकडे अर्धे काफिर. आणि तरीही दोन्ही सरकारांनी, आणि राष्ट्रसंघानेही, हा करार म्हणजे मोठी अक्कलहुशारी मानली. पुढे कितीतरी फाळण्या करणाऱ्यांनी हेच मॉडेल डोळ्यासमोर ठेवलं.

वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा प्रश्न अजून अवघड, कारण सीमा लंडन-पॅरिसमध्ये आखलेल्या आणि आतमध्ये शेकडो भाषा. इथे मला दोन देशांची तुलना फार बोलकी वाटते. इंडोनेशियात सगळ्यात मोठा गट जावानीज लोकांचा, चाळीस टक्क्यांच्या आसपास, त्यांची भाषा जुनी आणि साहित्य समृद्ध. तरी २८ ऑक्टोबर १९२८ ला तरुणांच्या परिषदेत एक भाषा निवडली ती मलाय, जी बंदरांवर व्यापाऱ्यांची कामचलाऊ भाषा होती आणि फार थोड्यांची मातृभाषा. म्हणजे शिकायचे कष्ट जवळपास सगळ्यांनाच, मोठ्या गटालाही. ऑगस्ट १९४५ मध्ये राज्यघटना मंजूर होताना मुसलमानांना शरियतचं पालन बंधनकारक करणारं वाक्यही काढून टाकलं, कारण पूर्वेकडच्या ख्रिश्चन बेटांचा विरोध होता. मोठ्या गटाने दोनदा हात आखडता घेतला. (म्हणून इंडोनेशिया संत झाला असं नाही, १९७५ ला त्याने पूर्व तिमोर गिळला आणि १९९९ च्या सार्वमतात तिथल्या ७८.५ टक्के लोकांनी त्याला नको म्हटलं.)

पाकिस्तानने बरोबर उलट केलं. निम्म्याहून जास्त लोक पूर्वेला, बंगाली बोलणारे. पण नवीन नाणी, पोस्टाची तिकिटं, मनीऑर्डरचे फॉर्म यांच्यावर उर्दू आणि इंग्रजी. मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन सांगितलं की राष्ट्रभाषा उर्दूच असेल, दुसरी कुठलीच नाही. ढाक्यातल्या विद्यार्थ्याला यात भाषेचा अपमान तर दिसलाच, पण त्याहून आधी दिसली सरकारी नोकरीची परीक्षा, जी आता त्याला परक्या भाषेत द्यावी लागणार होती आणि कराचीच्या मुलाला नाही. २१ फेब्रुवारी १९५२ ला गोळीबार झाला, विद्यार्थी मेले. १९५६ च्या घटनेत बंगालीला मान्यता दिली पण तोवर उशीर झाला होता. १९७० च्या निवडणुकीत बंगाल्यांच्या अवामी लीग पक्षाने पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या, तरी पश्चिमेने त्यांना सत्ता दिली नाही, १९७१ ला बांगलादेश.

याच्या पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. १९७२ मध्ये बांगलादेशची घटना लिहिली जात होती, त्यात सर्व नागरिक बंगाली म्हणून ओळखले जातील असं कलम आलं. चितगावच्या डोंगराळ भागातले प्रतिनिधी मानबेंद्र नारायण लारमा उठून म्हणाले की आम्ही चाकमा आहोत, बंगाली नाही, बांगलादेशचे नागरिक जरूर आहोत. कुणी ऐकलं नाही, ते सभात्याग करून गेले. पुढे तिथे वीसेक वर्षं सशस्त्र संघर्ष चालला आणि करार झाला तो १९९७ मध्ये. एक वर्षापूर्वी जे स्वतः भोगलं तेच दुसऱ्याला करताना हात थरथरला नाही.

श्रीलंकेत १९५६ चा 'फक्त सिंहली' कायदा आला. तमिळ सरकारी नोकर, ज्यांची उत्तरेत पिढ्यान्‌पिढ्या हीच वाट होती, त्यांना सिंहली परीक्षा पास व्हा नाहीतर घरी जा. तिथल्या कॉल्विन डिसिल्वा या डाव्या खासदाराचं वाक्य प्रसिद्ध आहे, दोन भाषा ठेवल्या तर राष्ट्र एक राहील, एक भाषा ठेवली तर राष्ट्रं दोन होतील. वेगळ्या तमिळ राज्याचा अधिकृत ठराव त्यानंतर वीस वर्षांनी, १९७६ ला आला, आणि युद्ध संपलं २००९ ला. भारतातही हिंदीसाठी २६ जानेवारी १९६५ ची मुदत होती, तमिळनाडू पेटल्यावर सरकार मागे आलं आणि इंग्रजी चालू राहिली. भाषावार राज्यं दिली तर देश फुटेल अशी नेहरूंना धास्ती होती, ती मुख्यतः १९५६ ला दिली आणि फुटला नाही. काश्मीर, नागालँड, पंजाबचा हिशोब वेगळा आहे, तिथे एवढ्यावर भागलं नाही.

म्हणजे वेगवेगळे लोक एकत्र असले की देश फुटतो, हे खरंय का? मग सोमालिया बघा. जवळपास सगळे सोमाली, भाषा एक, धर्म एक, आफ्रिकेत एवढं एकजिनसी राष्ट्र शोधून सापडणार नाही. झेंड्यावरच्या ताऱ्याला पाच टोकं आहेत, सोमाली लोक राहतात त्या पाच प्रदेशांची, ज्यातले तीन दुसऱ्यांकडे होते. त्यातला एक मिळवायला १९७७ मध्ये इथिओपियाशी युद्ध केलं, हरले, आणि १९९१ मध्ये सरकार कोसळलं ते टोळ्या-कुळांच्या भांडणात. एकजिनसी म्हणावं तर आत अजून बारीक भेद निघतात, ते कधी संपतच नाहीत. आणि जरा खाली टांझानिया, सव्वाशेच्या आसपास समाज, कुणीच बहुसंख्य नाही, स्वाहिली सगळ्यांना सामायिक, पहिले अध्यक्ष न्येरेरे यांनी कुठल्याच जमातीला सरकार बळकावू दिलं नाही. गरीब देश, तेव्हा एकपक्षीय राजवट, शेतीची धोरणं फसलेली, पण जमाती-जमातींचं युद्ध झालं नाही.

युगोस्लाव्हियाबद्दल लोक सर्रास म्हणतात की तिथे शेकडो वर्षांचं वैर होतं, राष्ट्राध्यक्ष टिटोने झाकण लावून ठेवलं होतं, तो १९८० ला गेला आणि उकळून बाहेर आलं. मला हे आळशी स्पष्टीकरण वाटतं. १९८१ च्या जनगणनेत बारा लाख लोकांनी स्वतःला सर्ब, क्रोएट वगैरे न म्हणता युगोस्लाव्ह म्हणवलं होतं. मिश्र लग्नं शहरांमध्ये सर्रास व्हायची. मग झालं काय? ऐंशीच्या दशकात परकीय कर्ज, भडकलेली महागाई, श्रीमंत स्लोव्हेनिया म्हणतोय आम्ही का दक्षिणेला पोसायचं, कोसोव्होत बेरोजगारी. कम्युनिस्ट विचारावर कुणाचा विश्वास उरला नाही तेव्हा पुढाऱ्यांना मतं मागायला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि १९८७ मध्ये सर्बियाचा कम्युनिस्ट पुढारी मिलोसेव्हिच याला कोसोव्होच्या दौऱ्यात कळलं की सर्बांचा राग किती कामाचा आहे. डिसेंबर १९९० मध्ये क्रोएशियाने नवीन घटनेत तिथल्या सर्बांचा दर्जा बदलला, आधी ते प्रजासत्ताकाचे सहमालक होते ते आता अल्पसंख्याक झाले, पोलीस आणि ऑफिसांमधून सर्ब लोक काढले जायला लागले. बेलग्रेडचा टीव्ही रोज सांगत होता की १९४१ ची सर्बांची कत्तल परत होणार. त्यात सगळंच खोटं होतं असंही नाही, १९४१ ला कत्तल झालीच होती, म्हणून तर भीती लगेच पटली. शेजाऱ्याने बंदूक आणली तर मी पण आणतो, मी आणली म्हणून तो अजून आणतो, आणि अशा वेळी मला यात पडायचं नाही म्हणणाऱ्याला कुणीच वाचवत नाही. बोस्नियाच्या युद्धात लाखभर माणसं गेली, एकट्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलं.

आणि १९९५ च्या डेटन करारात तोडगा काय निघाला? परत याद्या. राष्ट्राध्यक्षपद तिघांचं, एक बोस्नियाक (तिथला मुसलमान), एक क्रोएट, एक सर्ब. तिथला ज्यू किंवा रोमा (जिप्सी) माणूस त्या पदाला उभाच राहू शकत नाही, २००९ मध्ये युरोपियन मानवाधिकार कोर्टाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. युद्ध थांबवायला तेव्हा दुसरं काही जमलं नसतं हे मान्य, पण मोरावियाच्या १९०५ ची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

नागरी राष्ट्रवाद चांगला आणि वांशिक राष्ट्रवाद वाईट, अशी एक वाटणी फार ऐकायला मिळते. अर्धी खरी आहे. जर्मनीचा १९१३ चा नागरिकत्वाचा कायदा रक्तावर चालायचा, त्यामुळे १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची जर्मनीत जन्मलेली मुलं परदेशीच, आणि रशियात पिढ्या काढलेल्या, जर्मन विसरलेल्या जर्मन वंशाच्या माणसाला येताच नागरिकत्व. हे थेट २००० साली बदललं. फ्रान्समध्ये उलट, कुणीही फ्रेंच होऊ शकतो. पण त्यासाठी काय काय घरी ठेवून यायचं ते ब्रिटनीच्या त्या पोरांना विचारा.

शांततेत वेगळे झालेलेही आहेत. १९०५ मध्ये नॉर्वेने स्वीडनशी फारकत घेतली, भांडण पेटलं होतं परदेशात आपले वेगळे वाणिज्यदूत नेमता यावेत यावरून, आणि सार्वमतात ३,६८,२०८ मतं वेगळं होण्याच्या बाजूने आणि विरोधात फक्त १८४. चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला सार्वमत न घेताच दोन झाला, मालमत्ता लोकसंख्येप्रमाणे दोनास एक अशी वाटली, पण कागदोपत्री स्लोव्हाक ठरलेले आणि चेक भागात राहणारे कितीतरी रोमा मधल्यामध्ये नागरिकत्वाविना लटकले. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात १९९५ च्या सार्वमतात वेगळं व्हायला नको म्हणणारे ५०.५८ टक्के, हवं म्हणणारे ४९.४२ टक्के, एवढ्याशा फरकाने कॅनडा वाचला.

मला मात्र सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण स्वित्झर्लंडच्या जुराचं वाटतं. जुरा हा फ्रेंच बोलणारा भाग, १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसने तो जर्मन बोलणाऱ्या बर्न प्रांताला देऊन टाकला. सव्वाशे वर्षं कुरबुरी चालू होत्या पण चळवळ पेटली ती १९४७ मध्ये, बर्नच्या विधिमंडळाने एका फ्रेंचभाषक मंत्र्याला बांधकाम खातं नाकारलं तेव्हा, कारण एवढं महत्त्वाचं खातं जर्मन बोलणाऱ्याकडेच हवं. साठच्या दशकात जाळपोळही झाली. मग सरकारने टप्प्याटप्प्याची मतदानं ठरवली, १९७४ मध्ये आधी अख्ख्या जुराने ठरवायचं, मग ज्या जिल्ह्यांना बर्नमध्येच राहायचंय त्यांनी, मग सीमेवरच्या एकेका गावाने. त्यातून दिसलं की दक्षिणेकडचे प्रोटेस्टंट लोक फ्रेंच बोलत असूनही बर्नसोबतच राहू इच्छितात, वेगळं व्हायचंय ते उत्तरेच्या कॅथलिकांना. नवीन जुरा प्रांत १ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला, तोही अख्ख्या देशाने मतदान करून हो म्हटल्यावर. मूतिये नावाचं सात-साडेसात हजार वस्तीचं छोटं शहर तेव्हा बर्नमध्ये राहिलं आणि भांडत राहिलं. २०१७ मध्ये तिथे १३७ मतांनी जुराकडे जायचा निर्णय झाला, गैरप्रकारांमुळे ते मतदान रद्द ठरलं, २०२१ ला परत घेतलं, ५४.९ टक्के हो. मग शाळा कुणाच्या, दवाखाना कुणाचा, टॅक्स कुठे भरायचा यावर दोन प्रांतांचे अधिकारी काही वर्षं वाटाघाटी करत बसले आणि १ जानेवारी २०२६ ला शहर जुरात गेलं. जे ४५ टक्के लोक नाही म्हणाले होते तेही तिथेच आहेत, त्यांचा देश तोच, पासपोर्ट तोच, फक्त आता टॅक्सचं बिल दुसऱ्या प्रांताकडून येतं.